माझा खोकला वैनी काढतात

बेळगावजवळच्या आमच्या खानापुरात पाऊस एकदा लागला की निम्म्या घरांत कुणी ना कुणी खोकत असतं. मला मात्र नीट खोकता येत नाही. लिम्ब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारानं आधी मांड्या नेल्या, मग खांदे, आता श्वासाचे स्नायू. फुप्फुसं ठणठणीत आहेत, आणि हेच लोकांना पटत नाही. सर्दी झाली म्हटलं की कुणी कफ सिरप आणतं, कुणी ओव्याची धुरी करतं, आणि कोविडपासून एक जण हमखास ऑक्सिजनचं मशीन घेऊन दारात उभा.

त्या मशीनबद्दल जरा कडक बोलतो. माझ्यासारख्याचा ऑक्सिमीटर ९५ च्या खाली आला, तर बहुतेक वेळा कफ अडकलेला असतो, नाहीतर श्वास उथळ पडत असतो. नुसता ऑक्सिजन लावला की बोटावरचा आकडा सुधारतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. सकाळी डोकं जड, दिवसभर झापड, आणि घरचे म्हणणार, आकडा चांगला आहे की! आमच्याकडे आधी कफ काढायचा, मग बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, आणि ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितला तरच.

खोकल्याची ताकद मोजता येते. दम्याच्या पेशंटचं पीक फ्लो मीटर घ्यायचं आणि त्यात फुंकायच्या ऐवजी खोकायचं. मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेलात तर साध्या सर्दीतही मदत लागू शकते. १६० च्या खाली कफ वर येणं मुश्कील. माझा काटा दोनशेच्या आसपास घुटमळतो.

मदत म्हणजे आधी अँबू बॅग, हातानं दाबून हवा द्यायची पिशवी. तिला एकेरी व्हॉल्व्ह आणि मास्क जोडलेला, म्हणजे आत गेलेली हवा परत येत नाही. एक दाब, श्वास धरायचा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. छाती अशी ताणते की बरगड्या कुरकुरतात. मग मास्क काढून खोकायचं, आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं बरगड्यांच्या खाली तळहातानं आत-वर ढकलायचं. बेळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाई कन्नडमध्ये ‘केम्मरी, केम्मरी!’ (खोका, खोका!) म्हणत दादाला शिकवत होत्या, पण दादाचा हात दर वेळी खोकला संपल्यावर पोचायचा. वैनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. पदर खोचून आल्या, ‘भावजी, घ्या,’ म्हणाल्या, आणि पहिल्याच दाबाला कफ तोंडात. तेव्हापासून ते खातं त्यांच्याकडे.

व्हॉल्व्ह बसवलेल्या बॅगनं बेशुद्ध माणसाला श्वास द्यायचा नसतो, हवा बाहेर पडायला वाट नाही. म्हणून तिच्यावर तसं ठळक लिहून चिकटवलंय, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण अँब्युलन्समधून कोण उतरेल सांगता येत नाही. आमच्या भागात पाट्यांवरून काय काय होतं. या पाटीवरून अजून कुणी भांडलेलं नाही.

कफ असिस्ट, म्हणजे खोकायला मदत करणारं मशीन, सर्दीच्या दिवसांसाठी. नवं घ्यायचं तर लाखांत जातं, मी वापरलेलं घेतलं. मास्क लावला की ते हवा आत दाबतं आणि लगेच उलटं ओढतं. पहिल्यांदा वाटतं, आतडीच बाहेर येतायत. सुरुवात कमी दाबावर करायची; मला वाढवत वाढवत आत ४० आणि बाहेर उणे ४० सेंटीमीटर पाण्याच्या दाबावर आणलं. पाच श्वास, थांबायचं, थुंकायचं, परत पाच, ऑक्सिमीटरचा आकडा जागेवर येईपर्यंत. फुप्फुसाभोवती कधी हवा साठली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बरा असतानाही मी ते रोज थोडं वापरतो. तापात पहिल्यांदा शिकायला बसलात तर घसा आवळतो आणि हवा आत जातच नाही.

करंट गेला की मशीन इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टरही बसला की परत बॅग. भरती व्हायची वेळ आली तेव्हाही मशीन सोबत नेलं. वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या, नळीनं कफ ओढायचं सक्शन आहे की. पण सक्शनची नळी खाली गेलीच तर बहुतेक उजव्या बाजूला वळते, डावीकडचा कफ तिथंच. वाद घालत बसलो नाही, वैनींनी प्लग लावला.

कुणाला बघायचं असेल तर संध्याकाळी चहाच्या वेळी या. सकाळी माझं झेरॉक्सचं दुकान असतं, आणि जेवणानंतर दीड तास वैनी मशीनला हात लावू देत नाहीत.