सुखोई आमच्या डोक्यावर, समजलं मात्र नागपुरात

आमचं घर नाशिकजवळच्या ओझरपासून सात-आठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे सुखोई या लढाऊ विमानाचं आम्हाला कसलं आलंय कौतुक. द्राक्षबागेत छाटणी चालू असते, वरून गडगडाट करत जातं आणि बायका मानसुद्धा वर करत नाहीत. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, विमान कारखानाच शेजारी, सुखोई-३० एमकेआय तिथेच जोडतात. पण त्या विमानात दोन माणसं का बसतात हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, ते कळायला नागपूरला जावं लागलं.

निमित्त मामाच्या साठीचं. रात्री नाशिकरोडला विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी नागपूर. मामा स्टेशनवर स्कूटर घेऊन हजर, म्हणाला, "आधी तर्री पोहे, मंग घर." मामा हवाई दलात इंजिन फिटर होता. 2002 साली पुण्याच्या लोहगाव तळावर पहिली एमकेआय आली तेव्हा तो तिथेच होता, आता रिटायर होऊन वायुसेना नगरजवळ राहतो. मी भाबडेपणाने विचारलं, इथे सुखोई बघायला मिळेल का? तो हसला. "अबे, इथं मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आहे, लढाऊ विमानं नाही. दुरुस्ती, सुटे भाग, हे सगळं इथून चालते. विमान पाहाले नागपूरले आला अन् येतो कुठून, तर ओझरहून!" पोहेवाल्यासकट सगळे हसले, आणि त्या तर्रीने माझ्या डोळ्यात पाणी आलं ते वेगळंच.

दुपारी फुटाळा तलावावर गेलो. कठड्यावर बसल्या बसल्या मी माझं गुगलज्ञान पाजळलं की सुखोई ताशी 2000 किलोमीटरच्या पुढे जातं, म्हणजे ओझर ते नागपूर पंधरा-वीस मिनिटं. मामा म्हणाला, "जाते नं, पण किती वेळ? आफ्टरबर्नर, म्हंजे इंजिनाच्या मागं जास्तीचं तेल जाळून जोर वाढवणं, लावला का इंधन बदाबदा जाते. पोटात साडेनऊ टनाच्या आसपास तेल, ते असं उडवलं तर वापस कोण येईन? रोजचं उडणं नऊशेच्या आसपास, म्हणजे चाळीस मिनिटं पकड." चाळीस काय वाईट नाहीत म्हणा, मी रात्रभर अप्पर बर्थवर होतो.

मग शेजारच्या गाडीवरून चहाचे दोन कागदी कप मागवले, रिकामे करून पालथे धरले आणि म्हणाला, हे पाह्य, दोन इंजिनाची तोंडं. एएल-31एफपी नावाची ही इंजिनं, आणि त्यांची नोझल वर-खाली पंधरा अंशांपर्यंत वळतात. पण दोघांची वळायची रेघ सरळ उभी नाही, बाहेरच्या बाजूला झुकलेली, म्हणून एक वर अन् एक खाली केलं की विमानाचं नाक बाजूलाही फिरतं. कप असे तिरके करून दाखवले तेव्हा मला कळलं, आधी वाचलं होतं तेव्हा नुसता शब्द होता, थ्रस्ट व्हेक्टरिंग. पुढच्या बाजूला छोटे पंख असतात, कॅनार्ड, ते पण मदत करतात. हवेतल्या कसरतींचे व्हिडिओ बघून आपण येडे होतो, पण मामाच्या मते ती जत्रेतली गंमत झाली. "खरं काम मागच्या सीटवर आहे."

तर मागे बसतो तो विझो, म्हणजे वेपन सिस्टिम्स ऑपरेटर. पुढचा पायलट विमान सांभाळतो, मागचा रडार, सेन्सर अन् शस्त्रं. बार्स नावाचं रडार एका वेळी पंधरा लक्ष्यांचा माग ठेवू शकतं आणि त्यातल्या चारांवर मारा करू शकतं, आता हे सगळं एकटाच माणूस बघेल तर विमान कोण उडवेल? शिवाय हवेत तेल भरायची नळी नाकाशेजारी आहेच, त्यामुळे उड्डाण कितीही लांबतं, विमान दमत नाही, माणूस दमतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलाने यांच्यासाठी वेगळी वेपन सिस्टिम्स ब्रँच जाहीर केली. मामा त्यावर खूष आहे. "मागचा माणूस म्हंजे पायलटचा असिस्टंट नाही, हे कागदावर आलं एकदाचं."

ब्रह्मोसचा विषय निघाला तेव्हा मात्र मामा कठड्यावरून उठूनच सांगायला लागला. अडीच टनाचं क्षेपणास्त्र, पंखाखाली नाही तर पोटाखाली, बरोबर मध्ये. त्यासाठी विमानाचं पोट मजबूत करावं लागलं, ते काम एचएएलने केलं. 22 नोव्हेंबर 2017 ला पहिल्यांदा विमानातून सोडलं. सुटल्यावर आधी नुसतं खाली पडतं, विमानापासून लांब गेल्यावर त्याचं इंजिन पेटतं आणि मग ध्वनीच्या जवळपास पावणेतीन पट वेगाने सुटतं. मामाने हातातला कप पडू दिला आणि बोटाने पुढची रेघ ओढली. कप मग मलाच उचलून कचरापेटीत टाकायला लागला.

रात्री सावजी खाल्लं, त्यावर एक वेगळी पोस्ट होईल, पोटाचं काय झालं त्यावर दुसरी.

निघताना मामाने संत्रा बर्फीचा डबा दिला आणि म्हणाला, विमान गेलं का व्हिडिओ पाठव. मी म्हटलं मामा, कारखान्याकडे कॅमेरा धरलेला चालत नाही. "मंग फोन लाव नं, ऐकतो." तिसऱ्या दिवशी बागेत होतो, आवाज आला तसा फोन लावला अन् हात वर धरला. गडगडाट संपल्यावर कानाला लावला तर मामा काहीच बोलेना. मग म्हणाला, "आफ्टरबर्नर लावला होता बे. पुन्हा आलं का लाव."