गावखडीच्या चढावर अडकलेला तिसरा गिअर

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रत्नागिरीहून आडिवऱ्याला सासुरवाडीला निघालो होतो. या सागरी मार्गावर खाडी आली की उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, चढायचं. पूर्णगडचा पूल ओलांडला, गावखडी मागे पडली आणि चढावर आमच्या ऑटोमॅटिक गाडीने एक हिसका दिला. इंजिनचा पिवळा दिवा पेटला, गिअरच्या जागचा 'डी' लुकलुकायला लागला. थांबून पुन्हा सुटायला गेलो तर गाडी कण्हत कण्हत जेमतेम हलली. सपाटीवर सत्तर गाठताच इंजिन बोंबलायला लागलं, पण चौथा पडेना.

बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली. ठीक! बायको म्हणाली, "बघ, गरम झाली होती." तीन किलोमीटरवर पुन्हा तेच.

रत्नागिरीतल्या एका वर्कशॉपला फोन लावला. गाडी न बघताच उत्तर आलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, लाखभर धरून चाला." पोटात गोळाच आला.

डिकीत गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर पडून होता, तो लावला. दोन कोड आले: पी०७०० आणि पी०७१५. पहिला फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे. दुसरा कामाचा, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा. आत शाफ्ट किती फिरतोय हेच कंट्रोलरला कळत नसेल, तर तो गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवरच्या झडपांचा, करंट तोडतो आणि तेलाच्या दाबावर एकच गिअर लागून राहतो. माझ्या गाडीत तो तिसरा. मात्र असं चढ चढत राहिलं तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरतो आणि तेल तापतं, म्हणून सासूबाईंना फोन करून तिथूनच मागे फिरलो.

वाटेत पावस गावी ओळखीचा इलेक्ट्रिशियन आहे. त्याने आधी एटीएफचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा, थेंब टिश्यूवर घेऊन हुंगला. लालसर, जळका वास नाही. मग बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढून हात घालून सेन्सरचं कनेक्टर सोडवलं आणि माझ्यासमोर धरलं. रबरी सील कडक होऊन चिरलेलं, आत एक पिन हिरवीगार. घर भाट्याला, गाडी नऊ वर्षं उघड्यावर. खारा वारा दुसरं काय करणार?

"दादा, गिअरबॉक्स ठणठणीत हाय," तो म्हणाला, "हिचाच कान गेलाय."

जुन्या टूथब्रशने, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना घासल्या. कोड पुसून चक्कर मारली, गाडी मस्त पळाली. मी खूश. रात्रीच्या पावसानंतर सकाळी 'डी' पुन्हा लुकलुकला! मग वायरचा तुकडा कापून नवं कनेक्टर जोडलं, सील नवं बसवलं. मजुरीसकट साडेअकराशे.

दुपारी पुन्हा गावखडीचा चढ. मी श्वास रोखून इंजिनच्या आरपीएमच्या काट्याकडे बघत होतो. सड्यावर आल्यावर काटा हळूच खाली उतरला. चौथा. बायको म्हणाली, "आता समोर बघून चालव."