अडीच लिटर व्ही-६ : वरच्या जोडीतील डिटोनेशनचे मूळ सापडले

वेगवान नावेच्या मागे बसणाऱ्या आमच्या आउटबोर्ड इंजिनाबाबत मागील नोंदीच्या शेवटी जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचा उलगडा झाला आहे. एक आणि दोन क्रमांकाच्या सिलिंडरांत, म्हणजे पॉवरहेडच्या (इंजिनाच्या मुख्य भागाच्या) सर्वांत वरच्या जोडीत, पूर्ण थ्रॉटलवर होणाऱ्या डिटोनेशनचा, म्हणजे मिश्रण अनियंत्रितपणे स्फोटासारखे जळण्याचा, इंधनाशी काही संबंध नव्हता आणि इग्निशनशीही नव्हता. त्याचे मूळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी लक्षणे थोडक्यात पुन्हा सांगतो. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हे इंजिन ९००० आरपीएमवर सलग ओढले, तरी सहाही प्लग एकसारखे तपकिरी निघतात. तेच इंजिन टनेल हलच्या (तळाशी बोगदा असलेल्या शर्यती नावेच्या) ट्रान्समवर, म्हणजे मागच्या फळीवर, चढवले आणि वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे गेला, की वरच्या दोन प्लगांच्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसू लागतात आणि पिस्टनची स्क्विशकडील (पिस्टन आणि हेड यांच्यातील अरुंद फटीकडील) कड खरबरीत होते. वरच्या जोडीला फ्युएल मॅपमध्ये इंधन वाढवून दिले, तेव्हा प्लग काळपट झाले, पण कण गेले नाहीत. ठिणगीचे टायमिंग दोन अंश मागे घेतल्यावर कण कमी झाले. मात्र त्याबरोबर वेगही गेला, आणि वेगच गमवायचा असेल तर विक्रमासाठी इंजिन बांधण्यात अर्थ उरत नाही. स्क्विशची फट सोल्डरची तार दाबून मोजली, रीडच्या (एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपांच्या) पाकळ्या उजेडापुढे धरून तपासल्या, क्रँककेस एकमेकींपासून वेगळ्या राखणाऱ्या सीलिंग रिंगांची गळती पाहिली. सर्व काही ठीक निघाले. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की या खेपेस हाताने बसवलेल्या सीलिंग रिंगा इतक्या नेटक्या बसल्या आहेत, की त्या पुन्हा काढण्याची इच्छा होत नाही.

पहिला खरा धागा एक्झॉस्टच्या तापमानाच्या नोंदीत मिळाला. मिश्रण लीन झाले, म्हणजे त्यात इंधन कमी पडले, तर एक्झॉस्टचे तापमान वाढते. डिटोनेशन सुरू झाले तर ते उलट उतरते, कारण ज्वलनाची उष्णता पिस्टनमध्ये आणि हेडमध्ये शिरते व बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वाट्याला कमी येते. आमच्या नोंदीत एक क्रमांकाचे एक्झॉस्ट तापमान उतरत होते आणि त्याच सेकंदांत त्या हेडचे तापमान झपाट्याने चढत होते. मिश्रणाचा संशय तेथेच संपला. प्रश्न असा होता, की पाण्याचा दाब पूर्ण वेळ भरपूर दिसत असताना हेड तापावे कशामुळे?

दाबमापक जे सांगत होता ते खरेच होते, परंतु ते अपुरे होते. ब्लॉकवरील दाबाचे छिद्र मुळातच खालच्या बाजूस असते, आणि दाबमापकाला पाणी व हवा यांतील फरक कळत नाही. टेलटेलच्या, म्हणजे पाणी फिरत असल्याचे दाखवणाऱ्या बाहेरच्या धारेच्या, जागी पारदर्शक नळी जोडून तिच्यासमोर छोटा कॅमेरा लावला. कमी वेगात नळीतून स्वच्छ पाणी वाहत होते. वेग वाढला तसे ते दुधाळ झाले, आणि पुढे तर नळीतून निव्वळ फेस धावू लागला. डायनोवर पाणी टाकीतून शांतपणे येते, त्यामुळे तेथे हा प्रकार घडण्याची शक्यताच नव्हती.

यामागील गणित मोठे रंजक आहे. इंजिन जॅक प्लेटवर (इंजिनाची उंची बदलणाऱ्या आधारावर) इतके उंच घेतलेले असते, की क्लीव्हर जातीच्या शर्यती प्रोपेलरची वरची पाती हवेत फिरते आणि गिअरकेसच्या (प्रोपेलर धरणाऱ्या खालच्या कवचाच्या) कडेची पाण्याची छिद्रे पाण्याबाहेर राहतात. म्हणूनच नोज कोन (गिअरकेसच्या पुढचे निमुळते नाक) आणि लो वॉटर पिकअप (खालून पाणी घेणारी छिद्रे) लावावे लागतात. ताशी २०० किलोमीटरला पिकअपच्या तोंडाशी निव्वळ गतीमुळे सुमारे १५ बार दाब निर्माण होऊ शकतो (येथील सर्व आकडे वातावरणाच्या दाबाच्या वरचे आहेत). पार्कर, ॲरिझोना येथे शर्यतपटू बॉब वॉर्टिंगर यांनी १९८९ मध्ये ताशी १७६.५५६ मैलांचा, म्हणजे सुमारे २८४ किलोमीटरचा आउटबोर्ड विक्रम केला. त्या वेगाला हाच आकडा ३१ बारच्या आसपास जातो. एवढा दाब ब्लॉकची गॅस्केटे सोसू शकत नाहीत, म्हणून आपण सगळेच पिकअप आणि ब्लॉक यांच्यामध्ये अरुंद रिस्ट्रिक्टर (प्रवाह रोखणारे छिद्र) बसवतो. नेमके तेथेच पाणी बिघडते. १५ बारखाली दबलेले बुडबुडे रिस्ट्रिक्टर ओलांडून २ बारच्या ब्लॉकमध्ये आले, की सुमारे साडेपाच पट फुगतात. आउटबोर्डमध्ये पाणी खालून वर चढते, तेव्हा ही हवा हेडच्या माथ्याशी, एक व दोन क्रमांकांच्या डोक्यावर साचते. धातूला पाण्याऐवजी हवा लागली, की स्थानिक तापमान वाढते आणि डिटोनेशनला निमंत्रण मिळते.

पाण्यात हवा शिरते कोठून, हे पाहताना दुसरे कोडेही सुटले. आमच्या नोज कोनची छिद्रे गोलाईच्या खांद्यावर पाडलेली आहेत. वेग वाढला, की नेमक्या त्या खांद्यावर दाब उतरतो, पाणी पृष्ठभाग सोडते आणि तेथे पोकळी तयार होते. ती पोकळी मागे प्रोपेलरपर्यंत पसरली, की ब्लोआउट होऊन (प्रोपेलरची पाण्यावरील पकड सुटून) नाव अचानक एका बाजूला ओढते. म्हणजे सुकाणूला जाणवणारा झटका आणि वरच्या प्लगांवरील कण ही एकाच पोकळीची दोन रूपे आहेत. ज्या पुरवठादाराकडून हा कोन घेतला, त्याची वेल्डिंगची सफाई वाखाणण्यासारखी आहे. छिद्रांच्या जागेबाबत मात्र त्याने विचार केलेला दिसत नाही. इपॉक्सीने चिकटवलेल्या कोनांविषयी माझे मत पूर्वीचेच आहे. ते मच्छीमारीच्या नावेवर शोभतात, या वेगाला नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. जुनी छिद्रे भरून नवी छिद्रे नाकाच्या अधिक पुढे आणि खाली घेतली, जेथे पाणी अजून पृष्ठभागाला घट्ट लागलेले असते. दोन्ही हेडच्या सर्वोच्च बिंदूंवरून स्वतंत्र नळ्या काढून साचलेली हवा सतत बाहेर सोडली. शिवाय आत येणाऱ्या मार्गावरील रिस्ट्रिक्टर रुंद करून जादा दाब रिलीफ व्हॉल्व्हवर सोपवला आणि बाहेर पडणारा मार्ग अरुंद केला, म्हणजे हेडमध्ये २ बार टिकून राहतात. या दाबाला पाणी सुमारे १३३ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे वाफेचे खिसे होण्याची भीतीही कमी होते.

यानंतरच्या धावांत पारदर्शक नळीत किंचित दुधाळपणा राहिला, पण फेस गेला. एक क्रमांकाचे हेड आता तीन क्रमांकापेक्षा जेमतेम उष्ण असते. मागे घेतलेले दोन्ही अंश परत दिले, तरी प्लग स्वच्छ निघाले. ते भिंगाखाली पाहताना झालेला आनंद येथील मंडळींना वेगळा सांगायला नको.

पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलरचे (फिरत्या चाकाचे) काय करावे, हा प्रश्न शिल्लक आहे. उच्च आरपीएमला त्याची पाती आत दुमडतात आणि पंपाचे काम बव्हंशी संपते. त्यापुढे ब्लॉकला पाणी गतीच्या दाबावरच मिळते. काही जण विक्रमी धावेपूर्वी इम्पेलर काढून टाकतात. मला ते पटत नाही, कारण धाव सुरू होण्यापूर्वी मंद वेगात पाणी पोहोचवायला दुसरे कोणी नसते.

पुढचे काम म्हणून १.६२ ऐवजी वेगळ्या गुणोत्तराचे गिअर बसवून मोठ्या पिचचे (एका फेऱ्यात अधिक पुढे नेणारे) प्रोपेलर वापरण्याचे योजले होते. परंतु हे लिहिता लिहिता एक निराळी कल्पना सुचली आहे. हवा ब्लॉकमध्ये शिरू देऊन मग माथ्यावरून काढण्यापेक्षा, मिडसेक्शनच्या (पॉवरहेड आणि गिअरकेस यांमधील भागाच्या) पाण्याच्या मार्गावरच एक उभा दंडगोल बसवावा. पाणी त्यात स्पर्शरेषेने शिरून गरगर फिरेल, जड पाणी भिंतीकडे जाईल आणि मध्यभागी गोळा झालेली हवा वरच्या नळीने निघून जाईल. तसे झाले तर इंजिन आणखी थोडे उंच घेता येईल आणि गिअरकेसचा पाण्यातील अडथळा घटेल. म्हणून गिअरांचे काम तूर्त बाजूला ठेवून आधी हा दंडगोल ॲल्युमिनियममधून वळवून घेणार आहे. अशी रचना कोणी वापरून पाहिली असेल, तर हवेच्या नळीचा व्यास किती ठेवला आणि पूर्ण वेगात तिच्यातून पाणीही वाया जात होते का, हे अवश्य कळवावे. त्यावरच पहिल्या नमुन्याचे माप ठरवायचे आहे.