डावा हात

गेल्या आठवड्यात बेस गिटारच्या तारा बदलल्या. आमचं घर मालवणात बंदराच्या अगदी जवळ, त्यामुळे इथे तारा टिकतच नाहीत, खारी हवा आणि त्यात पावसाळा, दोन महिन्यांत बोटं काळी व्हायला लागतात आणि आवाजातली चमक निघून जाते. नवीन सेट कुरियरने यायला आठ दिवस लागले, तोवर त्याच गंजक्या तारांवर वाजवत होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटलं की अरे, हा आवाज वाईट नाहीये, हा तर जेम्स जेमरसनच्या दिशेने चाललाय!

जेमरसन म्हणजे डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीचा बेसवाला. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, जाड तारा ज्या तुटेपर्यंत बदलायच्याच नाहीत, ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. बस. गायक मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' त्याने इतक्या दारूच्या नशेत वाजवलं की स्टुलावर बसवेना म्हणून जमिनीवर आडवं पडून वाजवलं, असं सांगतात. पण ऐकलंत तर कळेल, मार्विन ओळ संपवून श्वास घेतो तिथे हा हळूच शिरतो, दोन शब्द बोलतो आणि मार्विन परत यायच्या आत बाजूला होतो. फोम आणि जुन्या तारांमुळे प्रत्येक सूर आखूड, ठप्प, पण गोल. इतकी वर्षं इतकी हिट गाणी वाजवली आणि मोटाऊनच्या मोठ्या अल्बमवर त्याचं नाव पहिल्यांदा छापलं ते याच, १९७१ च्या अल्बमवर. हे वाचलं तेव्हा आपले हिंदी सिनेमातले गोव्याकडचे वादक आठवले. पंचमकडे बेस वाजवणारा टोनी वाझ किती जणांना माहितीये? त्या काळातल्या किती वादकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बेस ऐकायला मी शिकलो तो मात्र भजनात. काका पखवाज वाजवायचे, डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, त्यांच्यामागे बसायचो, कणीक भिजवून द्यायचं काम माझं. पखवाजाच्या डाव्या पुडीला ती कणीक थापली की तो खोल आवाज येतो, गजर चढला की तो कानात नाही, पोटात ऐकू येतो. एकदा मी नुसता धडाधड डावा मारत होतो तेव्हा काका म्हणाले, "हात मारूक कोणाकय येता रे, उचलूचो कधी ता समाजाक व्हया." बेस हातात आल्यावर हे वाक्य मला रोज आठवतं, कारण सूर सुरू कोणीही करतं, तो कुठे बंद करायचा यातच सगळं आहे.

म्हणून वेलर्स या जमैकन बँडचा १९७३ चा बीबीसीवरचा 'स्टर इट अप' बघा. बॉब मार्ली गातोय, पीटर टॉश बाजूला, पण तुम्ही बेसवाल्या अ‍ॅस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटकडे लक्ष द्या. थोडेसेच सूर, आणि मग गप्प. ड्रमवर त्याचा सख्खा भाऊ कार्लटन. त्या गप्प राहण्यात इतका झोका आहे की मान आपोआप हलते. कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, तो छोटा स्पीकर ते देऊच शकत नाही, हेडफोन लावा.

लॅरी ग्रॅहमची गोष्ट तर थेट काकांच्या घराण्यातली. आई पियानोवर, हा बेसवर, आणि ड्रमवाला नाही, म्हणून अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने खेचायची, म्हणजे मोठा बेस ड्रम आणि छोटा स्नेअर, दोन्ही ड्रमची कामं एकाच हातात. त्यातून स्लॅप जन्माला आला. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं १९६९ चं 'थँक यू' लावा म्हणजे कळेल.

याच्या अगदी उलट जाको पास्टोरियस. तोही समुद्राकाठी वाढलेला, फ्लोरिडात. त्याने बेसचे फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या, काढून टाकले, खाचा भरल्या आणि वर लावलं काय तर बोटीला लावतात तसलं इपॉक्सी! आमच्या बंदरात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून फायबरला रेझिन लावतात त्याचा वास नाकात शिरला की मला हमखास जाको आठवतो. १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये 'डोना ली' हे चार्ली पार्करच्या जमान्यातलं भरधाव जॅझ त्याने बेसवर वाजवलं, सोबतीला फक्त काँगा, हाताने वाजवायचे उभे ड्रम. तिथे सूर बंद होतच नाही, गायकाच्या मींडेसारखा एकातून दुसऱ्यात वाहत जातो.

मेटलबद्दल एवढंच सांगतो की मेटालिका बँडच्या १९८३ च्या पहिल्या अल्बममधला क्लिफ बर्टनचा सोलो मी कॉलेजात कितीतरी दिवस गिटार समजूनच ऐकला होता. आवाज फाडणारं डिस्टॉर्शन आणि त्याला 'वाह-वाह' करायला लावणारं वाह पेडल लावलेला बेस. २४ व्या वर्षी गेला तो, स्वीडनमध्ये बस उलटून.

आणि मोहिनी डे. मुंबईची, वडीलच बेसवादक आणि तेच गुरू. रहमानच्या २०१३ च्या कोक स्टुडिओत 'आओ बलमा' मध्ये उस्ताद गुलाम मुस्तफा खान गातात आणि ही जेमतेम सतरा वर्षांची मुलगी बेसवर बोल वाजवते, अक्षरशः बोल, तिहाईसकट.

काकांना आता पखवाज झेपत नाही, खांदा धरतो. चतुर्थीच्या आधी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या कानाला माझे मोठे हेडफोन लावले आणि हा व्हिडिओ दाखवला. पूर्ण होईपर्यंत बोलले नाहीत, डाव्या हाताची बोटं तेवढी मांडीवर चालू होती. मग मला वाटलं उजव्या हाताच्या स्पीडचं कौतुक करतील, सगळे तेच करतात. तर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हिचो डावो हात बघ. कसो उचलता."