मोठा कॅम टाकला की खालचा पिकअप का जातो?

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) निवडताना लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि ड्युरेशनची (किती वेळ उघडा राहतो) चर्चा भरपूर होते. मला त्याआधी एक आकडा हवा असतो: इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) मिटतो कधी? पिस्टन तळातून वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो, आणि तो मिटेपर्यंत खरं कॉम्प्रेशन सुरू होत नाही.

८६ मिमी बोअर, ८६ मिमी स्ट्रोक, १४३ मिमी कनेक्टिंग रॉड धरा. सिलिंडर जवळपास ५०० सीसीचा, कागदावरचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाची जागा भागिले वर असतानाची) १०.५. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन अगदी तळाला असण्याच्या क्षणानंतर) क्रँकच्या ६० अंशांवर मिटला तर हातात पडणारा खरा रेशो साधारण ८.७. ७५ अंशांवर मिटणारा कॅम बसवा, तो ७.७ वर उतरतो. कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये) ढकलतो. म्हणून इंजिन खाली ओढत नाही. वरच्या आरपीएमला मात्र आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती भरत राहते. उशिरा मिटण्याचा फायदा तिथेच.

अशा इंजिनला कॉम्प्रेशन गेज लावलं की रीडिंग कमी दिसतं आणि चांगल्या रिंगा विनाकारण बदलल्या जातात. आधी कॅम कोणता आहे ते विचारा.

तो ८.७ परत हवा असेल तर पिस्टन वर असतानाची जागा ५२.६ सीसीवरून ४५.७ वर आणावी लागते, म्हणजे कागदावर ११.९. एवढा रेशो जुन्या छोट्या कॅमसोबत ठेवला तर लोडवर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारा ठोका) ठरलेलं. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवूच नयेत.

जागा कमी करायला हेड फेसिंग केलं (सिलिंडर हेडचा खालचा पृष्ठभाग घासला), तर ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली येतं आणि कॅम टायमिंग मागे सरकतं. व्हॉल्व्ह आणखी उशिरा मिटतो, कमावलेलं थोडं तिथेच जातं! ॲडजस्टेबल स्प्रॉकेट (कॅमचं दातेरी चाक) लावून, डिग्री व्हील (क्रँकवर बसवायची अंशांची तबकडी) आणि डायल गेजने टायमिंग पुन्हा जुळवा. टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याचा बिंदू, पिस्टन स्टॉपने (पिस्टनला अडवणाऱ्या बोल्टने) काढा, अंदाजाने नको.

मग व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना हे पाहायला पिस्टनवर मऊ क्ले ठेवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि क्ले कापून जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर ठेवा. डायल गेजने तपासत असाल तर फक्त टीडीसीवर मोजू नका: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीच्या साधारण १० अंश आधी पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो, इनटेक तेवढाच नंतर.