दार क्रमांक १४

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं आमंत्रण दरवर्षी एकाच ओळीनं संपायचं. 'कृपया दार क्रमांक १४ मधून यावे.' इथल्या शाळांच्या प्रत्येक बाहेरच्या दारावर मोठा आकडा रंगवलेला असतो. बंबवाल्यांना नाहीतर पोलिसांना बोलवायची वेळ आली, तर नेमकं कुठं यायचं ते कळावं म्हणून. आमच्या लेखी मात्र चौदा नंबर हा गणपतीचा पत्ता होता.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरविल-ऑरोराच्या पट्ट्यात आम्ही राहतो. इथल्या एका शालेय डिस्ट्रिक्टच्या तीन सरकारी हायस्कुलांची नावं वॉबॉन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि मेटिया व्हॅली. वॉबॉन्सी, न्यूक्वा, मेटिया ही पोटावाटोमी लोकांची नावं. हे लोक आमच्या कितीतरी आधी इथं राहत होते. पुढे 'व्हॅली' का लावलंय ते मला आजवर उमगलेलं नाही, कारण इथली जमीन भाकरीसारखी सपाट आहे, दरी औषधालासुद्धा सापडायची नाही. आमचं चौदा नंबरचं दार यांतल्या एखाद्या शाळेचं की शेजारच्या गावातल्या आणखी कुठल्या, ते झाकलेलंच राहू दे. पुढे धुपाची गोष्ट यायची आहे.

उत्सवासाठी शाळा भाड्यानं घ्यायची म्हटलं की खजिनदार काकांचं ठरलेलं भाषण व्हायचं. "आपल्या घरपट्टीतला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. म्हणजे सभागृह बांधलं आपल्या पैशानं, आणि वर त्याचं भाडं भरायचं आपणच!" मग ते निमूटपणे चेक लिहायचे. पण तेवढ्या पैशात काय मिळायचं ते बघा. सात-आठशे खुर्च्यांचं प्रेक्षागृह, खरा मखमली पडदा, मागं नेपथ्याच्या सुतारकामाची वेगळी खोली, कपडे बदलायला कोरसची खोली, मोदकांचे डबे ठेवायला ऑर्केस्ट्राची खोली, पंगतीला कॅफेटेरिया. मिरजेच्या माझ्या शाळेत गॅदरिंगला मैदानात मांडव पडायचा, पडदा दोन मुलं दोन बाजूंनी धावत ओढायची, आणि फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या वाचताना माइक हमखास बंद पडायचा. गॅदरिंगच्या रात्रीपुरती रोजची शाळा वेगळी दिसायची. इथं माझं उलटं झालं. शाळा मला दिसायची ती फक्त गॅदरिंगच्याच दिवशी.

दिवे आणि आवाज आमच्या माणसांच्या हाती द्यायचे नाहीत, असा शाळेचा नियम होता. शाळेचीच मुलं ते काम करायची आणि तासाचे पैसे घ्यायची. असाच एक सोनेरी केसांचा, लांबलचक मुलगा सलग तीन वर्षं आमच्या वाट्याला आला. पहिल्या वर्षी नांदी संपायच्या आधीच त्यानं अंधार केला. दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारी बसून त्यानं कागदावर स्वतःच्या लिपीत 'पडदा', 'थांब' आणि 'आता' हे तीन शब्द उतरवून घेतले. तिसऱ्या वर्षी आमचाच सूत्रधार वाक्य विसरला, तेव्हा हेडफोनमधून त्याचा शांत आवाज आला, "थांब, थांब." पोरगं पुढं कुठं गेलं कोण जाणे.

खरी गंमत पार्किंगमध्ये असायची. सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी शाळेच्या मार्चिंग बँडची तालीम असते. फुटबॉलच्या मैदानावर जशा यार्डाच्या रेषा, तशाच डांबरावर आखून त्या मोजत शंभरावर मुलं पावलं टाकतात. त्याच पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला आमचं ढोल-ताशा पथक मिरवणुकीची तयारी करायचं. एका वर्षी दोघांचीही वेळ सकाळी नऊची पडली. आधी तिकडून ट्रम्पेट, इकडून ढोल, कुणालाच काही ऐकू येईना. मग बँडचे शिक्षक चालत आले. आता ओरडणार म्हणून आमचा पथकप्रमुख घाम पुसायला लागला. त्यांनी विचारलं ते भलतंच. "तुमची नोटेशन कुठं आहे?" पथकप्रमुखानं आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं. मास्तर हसले, आणि त्यांनी स्नेअर ड्रम वाजवणारी चार मुलं आमच्याकडे धाडली. वेताच्या दोन बारीक काड्यांनी ताशा कसा कडकडवायचा ते बघून ती पोरं आधी चाट पडली, मग त्यांनी काड्या मागून घेतल्या. त्यांचा हात आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ होता, हे कबूल करायला हवं. पण ताल उचलून वेग वाढवायची पाळी आली की ती एकमेकांकडे बघत आकडे मोजायची आणि अडकायची. त्या दिवशी मिरवणूक पाऊण तास उशिरा निघाली. तक्रार कुणीच केली नाही.

आता धूप. शाळेत उघडी ज्योत चालत नाही, म्हणून आरतीच्या तबकात बॅटरीचे दिवे. ज्येष्ठ मंडळींना हे कधीच पटलं नाही. त्यांतल्या एका आजींनी पर्समधून धुपाची कांडी आणली आणि "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत कोरसच्या खोलीत पेटवली. भोंगे झाले, पांढरे दिवे लुकलुकायला लागले आणि सगळा प्रेक्षकवर्ग पैठण्या सावरत चौदा नंबरच्या दारातून बाहेर. गणपतीही उचलून आणला होता. बंब आला, टोपीवाले दोन जवान आत जाऊन बाहेर आले, आणि बाप्पाच्या हातातलं ते काय, म्हणून त्यांनी विचारलं. आजींनी त्यांच्या हातावरही मोदक ठेवले. दंडाचं बिल आलं तेव्हा खजिनदार काकांनी आजींचं नाव कागदोपत्री येऊ दिलं नाही.

जेवणाच्या रांगेत मात्र निव्वळ अभ्यासाचा विषय. मसालेभाताच्या पातेल्यापासून जिलबीच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर कुणाच्या मुलीनं किती एपी, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, घेतलेत आणि मे महिन्यातल्या परीक्षेत पाचपैकी किती मिळाले, ते सगळं कळायचं. इलिनॉयनं मुलांच्या कॉलेजप्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेचाही खो-खो केला. आधी एसीटी, मग २०१७ पासून एसएटी, आणि २०२५ पासून पुन्हा एसीटी. त्यामुळे मोठ्या भावाची पुस्तकं धाकट्याला चालणार नाहीत, ही हळहळ पंगतीत चिक्कार ऐकली. मी त्या रांगेत फार रमले नाही. कोणाचा मुलगा ऑरोराच्या गणित-विज्ञान अकादमीच्या वसतिगृहात गेला, हे सांगताना आवाज खाली आणायची एक तऱ्हा असते, ती मला आजही जमत नाही.

एका वर्षी आमचा शनिवार आणि शाळेच्या होमकमिंग या वार्षिक सोहळ्याचा नाच एकाच दिवशी आले. आदल्या रात्री फुटबॉलचा सामना झालेला, व्यायामशाळेत फुगे आणि झिरमिळ्या लागलेल्या. आमचं नाटक लांबलं. संध्याकाळी मधल्या लांब बोळात एका बाजूनं सूट घातलेली, कोटाला फुलं लावलेली पोरं आली, दुसऱ्या बाजूनं नऊवारी आणि फेटे. क्षणभर दोन्हीकडचे थबकले. मग एका मुलीनं आमच्या एका वहिनींची नथ बघून तोंडावर हात ठेवला आणि विचारलं, ही दाबून बसते की टोचून? वहिनींनी तिथंच काढून दाखवली.

माझी मुलगी नववीत त्याच शाळेत गेली. पालकांसाठी एक संध्याकाळ असते. मुलांचं वेळापत्रक हातात घेऊन, दहा-दहा मिनिटांचे तास करत वर्गावर्गांतून फिरायचं. मी सवयीनं चौदा नंबरच्या दाराशी गेले. दार बंद. पुढच्या दाराला या, असं काचेवर लिहिलेलं. तिथं ड्रायव्हिंगचा परवाना दाखवून, गळ्यात चिठ्ठी अडकवून आत शिरले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शाळेत हरवले. सापडली ती ऑर्केस्ट्राची खोली. शिक्षिका रोजच्या रियाजाबद्दल अगदी कळकळीनं बोलत होत्या, आणि माझी नजर सारखी कोपऱ्यातल्या त्या फळीकडे जात होती, जिथं आम्ही मोदकांचे डबे रचायचो. शेवटी माझ्या नवऱ्यानं कोपरानं डिवचलं.

मुलगी चेलो वाजवायची आणि पळायची. क्रॉस कंट्रीत सहसा कुणाला संघातून काढत नाहीत, हे तिचं पहिलं कारण. नंतर मात्र वेड लागलं. या उपनगरांत त्या खेळाला मोठी परंपरा आहे. एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलच्या जो न्यूटन नावाच्या प्रशिक्षकानं मुलांच्या संघांना राज्याची २८ अजिंक्यपदं मिळवून दिली, तीही एका सरकारी शाळेत. राज्याची अंतिम शर्यत नोव्हेंबरात पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होते, तीन मैलांची. आमची लेक पळायला नाही, मैत्रिणींना ओरडून धीर द्यायला गेली. परतली ती घसा बसवून, आणि पुढच्या आठवड्यातल्या मंडळाच्या दिवाळीत निवेदन तिचं होतं. ती बोलली कुजबुजत. लोकांना ती नाट्यमयता वाटली.

शाळेतला तिचा नकाशा निराळा होता आणि माझा निराळा. ज्याला मी 'साडी नेसायची खोली' म्हणायचे, तिथं तिला सुरात गाता येत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं. ज्या व्यायामशाळेत आमची लेझीम बसायची, तिथं ती पी.ई.च्या तासाला छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजत धावायची. लाकडी फरशीवर काळ्या तळव्यांचे बूट चालत नाहीत, म्हणून तिथले प्रशिक्षक मुलांना सारखे दटावत. लेझीमवाल्या बायका मात्र दारातच चपला काढून अनवाणी आत शिरल्या, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले होते, असा संघ मला अजून मिळालेला नाही.

आता ती दूर कॉलेजात असते. तिच्या हायस्कूलच्या पदविकेवर दोन भाषा येत असल्याचा राज्याचा शिक्का आहे. इलिनॉयनं २०१३ मध्ये तसा कायदा केला, आणि रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षं कंटाळून बसल्याचं तिला तेवढं एक फळ मिळालं.

यंदा उत्सवाच्या आदल्या रात्री तिचा फोन आला.

"आई, मोदक अजून ऑर्केस्ट्राच्याच खोलीत ठेवता?"

"हो. का गं?"

"चेलोच्या कपाटाखाली माझं गजाला लावायचं रोझिन गेलंय. अकरावीपासून. बघशील?"

दुसऱ्या दिवशी डबे रचून झाल्यावर मी नऊवारीचा काष्टा सावरत गुडघ्यांवर बसले, फूटपट्टी घालून कपाटाखालून सगळं ओढून काढलं. धुळीचे गोळे, तुटलेली एक तार, पेन्सिली. रोझिन नव्हतं. लेझमीची एक चकती होती, गंजलेली.