तुम्ही विचारलेत म्हणून : शिक्षा संपल्यानंतरचा पट्टा

मी विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवते. बलात्काराची एखादी बातमी गाजत असली की व्याख्यानानंतर कोणीतरी, बहुधा एखादी आई, थांबून विचारते : ‘असा माणूस शिक्षा भोगून सुटला की त्याच्या पायात जन्मभरासाठी जीपीएसचा पट्टा का बांधू नये? त्याला कसले आले हक्क?’ या प्रश्नामागची भीती खरी आहे, म्हणून मी तो कधी उडवून लावत नाही.

हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात टॉरी ग्रेडी या माणसाला लैंगिक गुन्ह्यांबद्दल दोनदा शिक्षा झाली होती. ती पूर्ण भोगून झाल्यावर, २०१३ मध्ये, न्यायालयाने त्याला आजन्म पट्टा बांधण्याचा आदेश दिला. तिथला पट्टा रोज सुमारे दोन तास चार्ज करावा लागे, तोवर माणूस भिंतीतल्या प्लगला वायरीने जखडलेला असे, आणि बॅटरी उतरली की यंत्र चारचौघांत मोठ्याने सूचना देऊ लागे. अमेरिकेची राज्यघटना अवाजवी झडतीला मनाई करते. माणसाच्या शरीराला यंत्र जोडून त्याचा माग काढणे ही त्या अर्थाने झडतीच आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आणि ती झडती वाजवी आहे का, हे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. पुढे २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रेडीसारख्या, म्हणजे केवळ पुन्हा गुन्हा केला म्हणून आजन्म पट्टा लागलेल्या आणि शिक्षा पूर्णपणे संपलेल्या व्यक्तींपुरती ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. या पट्ट्यामुळे गुन्हे टळतात, याचा पुरावाच सरकारने न्यायालयापुढे ठेवला नव्हता. मला या निकालातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण हक्कांवर घाला घालायचा तर त्याची गरज सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते, सुटलेल्या माणसावर नव्हे.

दुसरे म्हणजे, पट्टा माणूस कुठे आहे ते सांगतो. तो काय करतो आहे, ते सांगत नाही. दक्षिण कोरियात लैंगिक गुन्हेगारांसाठी हे पट्टे २००८ पासून आहेत. तिथे २०२१ मध्ये अशाच एका माणसाने पायात पट्टा असताना स्वतःच्या घरात एका स्त्रीचा खून केला, मग पट्टा कापला आणि दुसरीचा जीव घेतला. पहिल्या खुनाच्या वेळी यंत्राच्या लेखी तो आपल्या घरीच होता. आपल्याकडे तर बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, कामाच्या ठिकाणचा माणूस. ज्या घरात जायला त्याला मज्जाव नाही, तिथे नकाशावरचा ठिपका कोणाला सावध करणार?

भारतात २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि ती पोलीस व तपास यंत्रणांपुरती मर्यादित आहे; ती तशीच राहावी. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून २०२३ मध्ये तयार केलेल्या आदर्श कारागृह कायद्यात पट्ट्याची तरतूद आहे, पण ती रजेवर सोडलेल्या कैद्यांसाठी, म्हणजे ज्यांची शिक्षा अजून चालू आहे त्यांच्यासाठी. जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅप्सवर आपले ठिकाण पोलिसांना सतत दिसू द्यावे, ही अट आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने २०२४ मध्ये जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा आधार घेऊन रद्द केली. तो खटला अमली पदार्थांचा होता, तरी खासगीपणाचे तत्त्व गुन्ह्याच्या नावानुसार बदलत नाही.

तरीही पट्टा कधीच नको, असे मी म्हणत नाही. पॅरोलवर असताना, किंवा सुटलेला माणूस त्याच पीडितेचा पुन्हा पाठलाग करेल असा ठोस पुरावा असताना, न्यायाधीशाने त्या एका माणसाचा विचार करून ठरावीक मुदतीसाठी आणि पीडितेच्या घरापासून अमुक अंतराची अट घालून तो बांधला, तर मी त्याला विरोध करणार नाही. मात्र मुदत संपताना तो पुढे चालू ठेवण्याची कारणे सरकारने पुन्हा न्यायालयात मांडली पाहिजेत, आणि ती पटली नाहीत तर पट्टा त्याच दिवशी निघाला पाहिजे.